शेजारचे दादा

इमाएदा पहिल्यांदा घरात आले तेव्हा मासाए सोनोबे स्वयंपाकघरात सफरचंद सोलत होती. बागेकडचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते सरकवून एक उंच, सडसडीत म्हातारा आत आला. त्याने बूट काढून टाचा जुळवून ठेवले, खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसत म्हणाला, "फुमे, अगं दार सताड उघडं टाकून बसतेस! मांजराने मासे पळवले की आई तुझीच पाठ शेकेल."

मासाएच्या हातातली सुरी तशीच राहिली. या माणसाला ती वीसेक वर्षं ओळखत होती. ओळखत होती म्हणजे काय, वरच्या वळणावर इमाएदांचा बंगला होता. जहाजांची इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते मोठ्या हुद्द्यावर होते. सकाळी गाडी न्यायला येई, रात्री सोडायला येई. रस्त्यात गाठ पडली की दोघं थांबून वाकत, "हवा गार झाली", "झाली खरी" एवढं बोलत आणि आपापल्या वाटेने जात. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या गळ्यातला टाय सुटला नव्हता. आजही होता, फक्त शर्टाच्या कॉलरवरून बांधलेला.

"इमाएदासाहेब," ती हळूच म्हणाली, "अहो, मी सोनोबे."

"मोठी आली सोनोबे! चहा टाक आधी. आणि कालच्यासारखा नको. काल नुसत्या गरम पाण्यावर पानांची सावली पडली होती."

तिने चहा केला. दुसरं काय करायचं ते तिला सुचलंच नाही. सफरचंदाच्या फोडी पुढे ठेवल्या. इमाएदांनी त्या मन लावून खाल्ल्या, साली एवढ्या जाड काढल्याबद्दल तिला बोल लावले, शेवया वाळत घातल्यात त्यांच्यावर लक्ष ठेव, वारा सुटलाय, असं बजावलं आणि अर्ध्या तासाने उठले. दाराशी बूट घालताना म्हणाले, "आईला सांग, मी बंदरावर जाऊन येतो."

बंदर खूप खाली होतं. डोंगराच्या उतारावरच्या त्सुबाकिदाई वस्तीतून समुद्र म्हणजे लांबवर एक चकाकती पट्टी दिसायची, एवढंच. ते खाली नाही, वर आपल्या घराकडे गेले, हे मासाएने खिडकीतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही.

हळूहळू त्यांच्या बोलण्यातून तिला सगळं कळत गेलं. इमाएदा मूळचे एका छोट्या बेटावरचे. घरी शेवया ताणायचा धंदा. पहाटेपासून सगळं घर पिठात बुडालेलं. फुमी ही पाठची बहीण. तिने धाकटी असूनही दादाला कॉलेजात पाठवा म्हणून बापाशी भांडण केलं होतं आणि स्वतः शाळा सोडून शेवया ताणत बसली होती. ती केव्हाच वारली असावी. इमाएदांच्या लेखी मात्र ती मासाएच्या स्वयंपाकघरात होती आणि चहा भिकार करत होती.

मासाएने पहिले काही दिवस "अहो, मी सोनोबे" म्हणून पाहिलं. मग एका दुपारी तिच्या तोंडून "दादा, अजून एक कप देऊ का?" असं निघून गेलं आणि इमाएदा एवढे खुलले, की त्यानंतर ती फुमीच झाली.

खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. तिचा नवरा कोइचिरो सत्तरी गाठली तरी कंपनीचा सल्लागार म्हणून रोज ओसाकाला जाई. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याने कधी नावाने हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. "जरा ऐक" म्हटलं की ती यायची. मुलगा जर्मनीत स्थायिक झालेला, महिन्यातून एकदा पडद्यावर दिसायचा आणि "सगळं ठीक ना?" विचारायचा. सगळं ठीकच असायचं. त्या वस्तीत सगळ्यांचंच ठीक असे. कुंपणं एका उंचीत कापलेली, फाटकं बंद, आणि कुणी कुणाला रागावत नसे. आणि इथे हा माणूस रोज येऊन तिला झापत होता. "फुमे, केस विंचर." "फुमे, किती हळू खातेस, ताटावर झोपशील." एकदा तिने त्यांच्यासाठी शेवया उकडल्या तर पहिलाच घास घेऊन त्यांनी डोळे मोठे केले. "ह्या कुणी ताणल्या? आंधळ्याने?" मासाए एवढी हसली की तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला. आपण शेवटचं असं कधी हसलो होतो, ते तिला आठवेना.

दुकानात गेली की ती आता दोघांचं खाणं आणू लागली. दुपार झाली की बागेकडच्या दाराची कडी काढून ठेवू लागली.

इमाएदांची बायको रित्सुको तिला सकाळी कचऱ्याच्या पिंजऱ्यापाशी, म्हणजे सगळी वस्ती कचरा टाकायची त्या झाकणाच्या जाळीपाशी, भेटायची. छोट्या चणीची, नीटनेटकी, ओठांना फिकी लाली लावल्याशिवाय कचरा टाकायलाही न येणारी बाई. अलीकडे त्या लालीच्या वर डोळे मात्र खोल गेले होते.

"इमाएदासाहेब कसे आहेत?" मासाएने एकदा विचारलं.

"मजेत आहेत. जुन्या इंजिनांवर काहीतरी लिहितायत. दिवसभर खोलीतून बाहेर येत नाहीत बघा." रित्सुको हसून म्हणाली. "तुम्हाला काही त्रास तर नाही ना होत? म्हणजे... रात्रीचा दिवा वगैरे?"

"छे हो, कसला त्रास!"

रित्सुकोने पिंजऱ्याचं झाकण धरून ठेवलं होतं, जणू आणखी काही टाकायचं राहिलं होतं. मग तिने ते बंद केलं, दोघी वाकल्या आणि दोघी गेल्या.

त्या रात्री जेवताना मासाएने नवऱ्यापाशी विषय काढला. सगळा नाही काढला. "इमाएदांची तब्येत बरी नसावी, असं वाटतं," इतकंच.

"त्यांनी सांगितलं?"

"नाही."

"मग आपल्याला माहीत नाही." कोइचिरोने मासळीतला काटा बाजूला काढला. "लोकांना लाज असते. सांगावंसं वाटलं तर सांगतील. आपण कशाला नाक खुपसायचं?"

मासाएला हे ऐकून बरंच वाटलं. बोलायची जबाबदारी टळली म्हणून बरं वाटलं, आणि दुसरंही एक कारण होतं, ते तिने स्वतःपाशीही नीट कबूल केलं नाही. रित्सुकोला सांगितलं तर ती खजील होणार, क्षमा मागणार, फाटकाला कुलूप लावणार. मग दुपारी कुणी येणार नाही.

जानेवारीत वस्तीच्या बागसमितीची बैठक सोनोबेंच्या घरी ठरली. समिती म्हणजे पाच-सहा बायका. त्यांच्या म्होरक्या हाशिझुमेबाई. या बाई कुणाला टाकून बोलत नसत. त्या फक्त काळजी व्यक्त करत आणि ज्याची काळजी व्यक्त होई त्याने महिनाभरात आपलं झाड कापलेलं असे, नाहीतर कुत्रा दुसरीकडे पाठवलेला असे. मासाएने दोन दिवस घर घासलं, फुलं मांडली, खालच्या दुकानातून केक मागवला. बैठकीच्या दिवशी सकाळी तिने बागेकडच्या दाराची कडी घातली. एक दिवस दादांनी चहा घरी घेतला तर काही बिघडणार नाही, असं ती मनाशी म्हणाली. कडी घालून झाल्यावर ती पुन्हा एकदा ओढूनही पाहिली.

चहाची दुसरी फेरी चालू होती तेव्हा हाशिझुमेबाईंनी कप खाली ठेवला.

"बाकी, इमाएदांना कुणी पाहिलंत का एवढ्यात? मला फार काळजी वाटते. परवा बसथांब्यावर उभे होते, पायात घरातल्या सपाता. मी म्हटलं, कुठे निघालात? तर मला म्हणतात, 'होडी चुकली.'"

एकीने हातरुमाल तोंडाशी नेला. हसू दाबायला की हळहळायला, सांगता आलं नसतं.

"बिचाऱ्या रित्सुकोबाई," दुसरी म्हणाली. "पण घरात ठेवायचं म्हणजे... हल्ली चांगल्या संस्था असतात ना हो."

"तेच म्हणते मी. त्यांच्याच भल्यासाठी. उद्या कुणाच्या घरात शिरले, कुणाच्या मुलाबाळांना घाबरवलं म्हणजे? सोनोबेबाई, तुमचं घर तर त्यांच्या वाटेवरच आहे. तुमच्याकडे नाही ना येत कधी?"

"नाही," मासाए म्हणाली. "आमच्याकडे कशाला येतील?"

आणि फाटकावरची घंटा वाजली.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर इमाएदांचा चेहरा होता, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, कपाळ मोठं आणि हनुवटी लहान दिसणारा. अंगात नुसता राखाडी स्वेटर. कोट नव्हता.

"फुमे," आवाज आला. "अगं मागचं दार लागलंय. उघड ना. थंडी वाजतेय."

दिवाणखान्यातलं बोलणं थांबलं होतं. "कोण आलंय हो?" हाशिझुमेबाईंनी गोड आवाजात विचारलं.

मासाएने आवाजाचं बटण बंद केलं.

"पार्सलवाला आहे. चुकीचं घर," ती म्हणाली.

पडद्यावर इमाएदांचे ओठ हलत राहिले. ते थोडे मागे सरले, तेव्हा त्यांचा सगळा चेहरा दिसला. त्यात राग नव्हता. बहीण कुठे गेली असेल याचा विचार करणाऱ्या माणसासारखे ते दिसत होते. त्यांनी फाटक एकदा हाताने ढकलून पाहिलं. मग पडदा आपोआप काळा झाला.

ते घरी जातील, मासाए मनात म्हणाली. घर काही लांब नाही. तिने केकची बशी उचलली आणि बाहेर जाऊन सगळ्यांना दुसरा तुकडा घेण्याचा आग्रह केला.

बायका निघेपर्यंत उन्हं डोंगराआड गेली होती. शेवटची गाडी वळणापलीकडे जाताच मासाए चप्पल अडकवून रस्त्यावर आली. कुणी नव्हतं. ती चढ चढून इमाएदांच्या फाटकापाशी गेली. वरच्या खोलीत पडदे ओढलेले, दिवा नाही. तिने घंटेकडे बोट नेलं.

काय विचारायचं? साहेब घरी पोचले का? पोचले का म्हणजे कुठून? मग सगळंच सांगावं लागणार. एवढे महिने ते येत होते, मी गप्प राहिले, आणि आज दार उघडलं नाही. आणि पोचले असतील तर उगाच त्या बाईला शरमिंदं करायचं. पोचले असतीलच. या थंडीत कोण बाहेर राहतं? तिने बोट मागे घेतलं. घरी येऊन ती कप विसळू लागली.

अंधार पडल्यावर नगरपालिकेच्या खांबावरचा भोंगा बोलू लागला. डोंगरावर आवाज आपटून प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता. एक वृद्ध गृहस्थ दुपारपासून बेपत्ता आहेत, उंची अमुक, अंगात राखाडी स्वेटर, कुणाला दिसल्यास कळवावं.

कोइचिरो नुकताच घरी आला होता. "इमाएदा तर नव्हेत?" तो म्हणाला.

मासाए तेव्हा धावली. वस्तीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी होती, दोन-चार शेजारी टॉर्च घेऊन उभे होते, आणि त्यांच्यामध्ये रित्सुको प्रत्येकाला वाकून क्षमा मागत होती. "तुम्हाला फार त्रास दिला. फार त्रास दिला." मासाए पोलिसापाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "दुपारी ते आमच्या फाटकाशी होते. तीनच्या सुमाराला. त्यानंतर मला माहीत नाही."

हाशिझुमेबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रित्सुकोने पाहिलं नाही.

ते सापडले सकाळी, वस्तीच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या घळीत. रानडुकरांच्या वाटेने चढून गेले असावेत आणि पाय घसरला असावा. जिवंत होते, पण खुब्याचं हाड मोडलं होतं आणि रात्रभराच्या गारठ्याने छाती भरली होती. इस्पितळात ते महिनाभर होते. तिथून त्यांना परस्पर पलीकडच्या शहरातल्या एका वृद्धाश्रमात नेलं. त्सुबाकिदाईत ते परत आले नाहीत.

फेब्रुवारीच्या अखेरीस रित्सुको एका दुपारी मासाएकडे आली, न कळवता. शोध घ्यायला जे जे आले होते त्या प्रत्येकाच्या घरी ती मिठाईचा डबा घेऊन फिरत होती. दारातच वाकून तिने डबा पुढे केला. मासाएने तो घेतला नाही.

"आत या," ती म्हणाली. "कृपा करून आत या."

दोघी स्वयंपाकघरातच बसल्या. रित्सुको नेमकी इमाएदा बसायचे त्याच खुर्चीत बसली. मासाएने ठरवून ठेवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं: ऑक्टोबरपासून ते येत होते, मला बहीण समजत होते, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. रित्सुकोने मध्येच हात वर केला.

"मला माहीत होतं."

"काय?"

"वरच्या खिडकीतून तुमच्या बागेचं दार दिसतं. पहिल्या दिवशी मी त्यांच्या मागे निघालेच होते. पण तुम्ही चहा ठेवलात, तो काचेतून दिसला." ती आपल्या हातांकडे पाहत बोलत होती. "रात्रभर ते जागे असायचे हो. मला उठवायचे, बंदरावर चल म्हणायचे. दिवसा ते तुमच्याकडे आले की मी झोपायचे. तेवढा अर्धा तास. तेवढीच झोप."

मासाएने उठून चहाचं आधण ठेवलं.

"रोज वाटायचं, आज तुम्ही विचाराल. कचरा टाकताना तुम्ही 'कसे आहेत' म्हणालात ना, तेव्हा मी ठरवलं होतं, आणखी एक शब्द बोललात तर सगळं सांगून टाकीन. रडेनसुद्धा, असं ठरवलं होतं. तुम्ही नाही बोललात. मग वाटलं, मला लाज वाटू नये म्हणून तुम्ही गप्प आहात. किती चांगल्या मनाची बाई, असं वाटायचं मला."

"मी चांगल्या मनाची नाही," मासाए म्हणाली. "त्या दिवशी मी घरात होते. मला ते पडद्यावर दिसले. थंडी वाजतेय म्हणाले. मी आवाज बंद केला."

फ्रीजची घरघर सुरू झाली आणि थांबली. रित्सुकोचा चेहरा पांढरा पडला, पण ती उठून गेली नाही.

"पाहुण्या होत्या तुमच्याकडे. गाड्या दिसल्या मला," ती म्हणाली. "मी खिडकीशी उभी होते. ते फाटकावरून मागे फिरले, तेही मला दिसलं. वाटलं, येतील आता वर. आणि मी पुन्हा आडवी झाले. जाग आली तेव्हा काळोख होता."

मासाएने टेबलावरून हात पुढे केला. रित्सुकोने तो धरला नाही, झिडकारलाही नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमच्यावर रागवावं म्हणून आले होते. डबा नुसता निमित्ताला. पण तेवढा जोर नाही राहिला हो अंगात."

तिने चहा घेतला नाही. जाताना डबा मात्र टेबलावर ठेवून गेली.

एप्रिलमध्ये इमाएदांचा बंगला विकला गेला आणि रित्सुको आश्रमाजवळच्या एका छोट्या सदनिकेत राहायला गेली. मासाए मदतीला येऊ का म्हणून विचारायला गेली, तर सामान बांधणारी माणसं येणार होती. तरी तिने पत्ता मागून घेतला आणि मे महिन्यात एकदा बस, मग आगगाडी, मग पुन्हा बस करत ती आश्रमात पोचली. सकाळी उठून तिने शेवया केल्या होत्या. आधी एका म्हाताऱ्या बाईकडे जाऊन ताणायला शिकून आली होती, पण त्या तरीही जाड-बारीकच झाल्या होत्या. इमाएदांनी त्या पाहून तिला शिव्या घालाव्यात, एवढीच तिची आशा होती.

ते खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत होते. टाय नव्हता. खूप वाळले होते. रित्सुको शेजारी बसून त्यांची नखं कापत होती. मासाएला पाहून ती उठली, वाकली, आणि नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "अहो, कोण आलंय बघा."

इमाएदांनी मान वर केली. मासाएने दाराशीच हाक मारली, "दादा."

त्यांनी तिच्याकडे नीट, लक्षपूर्वक पाहिलं. मग खुर्चीतल्या खुर्चीत, जमेल तेवढे, कमरेत वाकले.

"आपण एवढ्या लांबून आलात," ते म्हणाले. आवाज स्वच्छ होता, रस्त्यात भेटल्यावर असायचा तसा. "हवा छान झाली, नाही?"

"झाली खरी," मासाए म्हणाली.

"आपण नवीन राहायला आलात वाटतं. वस्ती शांत आहे आमची. काही अडलं तर संकोच करू नका, आमच्या घराची घंटा वाजवा."

मासाएने शेवयांचा डबा पुढे केला. रित्सुकोने तिच्या हातातून डबा घेतला, शेवया एका वाडग्यात काढल्या आणि घास घास भरवू लागली. इमाएदांनी मुकाट्याने सगळ्या खाल्ल्या. प्रत्येक घासानंतर "फार छान, फार छान" म्हणत होते.

मासाए तासभर बसून निघाली. रित्सुको तिला बसथांब्यापर्यंत पोचवायला आली. बस दिसू लागली तेव्हा मासाए म्हणाली, "रित्सुकोबाई, एखाद्या दिवशी माझ्याकडे येऊन राहा. नुसत्या झोपायला या. मी इथे त्यांच्यापाशी बसेन."

"बघू," रित्सुको म्हणाली आणि हसली. कचऱ्याच्या पिंजऱ्यापाशी असायचं तेच हसू.

त्यानंतर मासाए दर महिन्याला जात राहिली. दर वेळी इमाएदा वाकून तिचं स्वागत करत, वस्ती शांत आहे म्हणून सांगत. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी ते गेले. रित्सुको राहायला कधी आली नाही.